शेकडा, पण कशावर?

गणित नको म्हणून कला शाखा, किंवा बीजगणित-भूमिती नको म्हणून वाणिज्य शाखा, अशी निवड करून महाविद्यालयात आलेले विद्यार्थी आपल्यात पुष्कळ आहेत. दहावीची परीक्षा झाली त्या दिवशी गणिताच्या पुस्तकाला शेवटचा नमस्कार केला, असे ते अभिमानाने सांगतातही. परंतु आपण गणित सोडले तरी गणित आपल्याला सोडीत नाही. कला शाखेचा पदवीधर पतपेढीत कारकून होतो, बँकेच्या स्पर्धा-परीक्षेला बसतो, ग्रामपंचायतीचा जमाखर्च पाहतो, नाहीतर घरच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला तर पहिल्या वर्षापासूनच घसारा, व्याज, सूट आणि नफ्याचे प्रमाण यांच्या सोबतीने दिवस काढावे लागतात. मी स्वतः अर्थशास्त्राचा विद्यार्थी असून संध्याकाळी एका किराणा दुकानाच्या वह्या लिहितो. त्यामुळे पुस्तकातले अंकगणित आणि बाजारातले अंकगणित ही दोन्ही रोज जवळून पाहावयास मिळतात. त्यातून जे ध्यानात आले ते विद्यार्थी-मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. हिशेबाला लागणारे गणित फार नाही आणि अवघडही नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, त्रैराशिक आणि शेकडेवारी, एवढ्यावर जमाखर्चाचे बहुतेक काम भागते. आज तर आकडेमोड खिशातला मोबाईलही करून देतो. मग चूक होते कोठे? ती आकडेमोडीच्या आधीच होते. ‘शेकडा इतके’ असे ऐकले की आपण गुणाकाराला लागतो; हा शेकडा कशावर धरावयाचा, हे विचारीत नाही. यंत्र हा प्रश्न विचारीत नाही आणि ज्याला आपला माल किंवा आपले कर्ज खपवावयाचे आहे तोही तो आपण होऊन सांगत नाही. तो प्रश्न आपणच विचारावा लागतो.

१. हिशेब आणि गणित यांचे नाते

जमाखर्च ही वेगळी विद्या आणि गणित ही वेगळी, असा आपला समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन इ. स. १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झाले. त्याचा लेखक लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधू आणि गणिताचा शिक्षक होता, आणि हे विवेचन त्याच्या गणितावरील मोठ्या ग्रंथाचाच एक भाग होता. ही पद्धत त्याने शोधून काढली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती वापरीतच होते, त्याने ती नीट मांडून दिली. त्याच ग्रंथात चक्रवाढ व्याजाचा एक सोपा आडाखाही आहे. ७२ ला व्याजाच्या दराने भागले की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते अदमासाने कळते. दर ८ असेल तर ९ वर्षे. पडताळून पाहावयाचे असेल तर ८ टक्के चक्रवाढीने १,००० रुपयांचे ९ वर्षांत १,९९९ रुपये होतात. आडाख्याला याहून अधिक काय हवे?

आपल्याकडेही तीच परंपरा आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त त्रैराशिक आहे, मुद्दल आणि व्याज यांची उदाहरणे आहेत, आणि भागीदारांनी नफा भांडवलाच्या प्रमाणात कसा वाटून घ्यावा याची रीतही आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. म्हणजे व्याज आणि वाटणी हे विषय आपल्या भूमीत आठशे वर्षांपूर्वी पंडितांनी अभ्यासण्याजोगे मानले होते. आपण त्यांना ‘बाजारी हिशेब’ म्हणून नाक मुरडावे हे शोभणारे नाही.

२. शेकड्याचे मूळ

शेकडा म्हणजे शंभरातला भाग. पण शंभर कशाचे, हे ठरल्याशिवाय शेकड्याला अर्थ नाही. ज्या रकमेला आपण शंभर धरतो तिला या लेखात ‘पाया’ म्हणू. पाया बदलला की तोच शेकडा वेगळी रक्कम दाखवितो.

एक साधे उदाहरण पाहा. १०० रुपयांच्या वस्तूचा भाव २० टक्क्यांनी उतरला. ती ८० रुपयांची झाली. आता पुन्हा १०० रुपये होण्यास भाव किती टक्क्यांनी चढला पाहिजे? पुष्कळजण चटकन २० म्हणतात. पण आता पाया ८० आहे. ८० वर २० म्हणजे पाव हिस्सा, अर्थात २५ टक्के. रुपये तेच २०, पाया निराळा, म्हणून शेकडाही निराळा.

दोन सुटींचेही तसेच. ‘२० टक्के सूट आणि त्यावर आणखी १० टक्के’ अशी पाटी दुकानावर दिसली की ३० टक्के सूट मिळाली असे वाटते. पहिली सूट १०० वर आहे, दुसरी उरलेल्या ८० वर. १०० चे ८०, आणि ८० चे ७२. म्हणजे सूट २८ टक्के. जमाखर्चातील व्यापारी सूट आणि रोख सूट यांचा हिशेब याच क्रमाने होतो. व्यापारी सूट छापील किमतीवर काढावयाची आणि रोख सूट ती वजा गेल्यावर उरलेल्या रकमेवर. दोहोंची बेरीज करून एकदम वजा करू नये.

वृत्तपत्रे वाचताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. व्याजाचा दर ८ टक्क्यांवरून १० टक्के झाला तर तो ‘२ टक्क्यांनी वाढला’ असे छापून येते. वस्तुतः तो २ अंशांनी वाढला. ८ हा पाया धरला तर वाढ २५ टक्के झाली. कर्जदाराच्या खिशाला दुसरा आकडा कळतो.

३. नफा खरेदीवर की विक्रीवर?

वाणिज्याच्या विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त दिशाभूल येथे होते. दुकानदार नफा खरेदीवर बोलतो. “या मालावर मी पंचवीस टक्के ठेवतो,” असे शेठ म्हणाले, म्हणजे १०० ला घेतलेला माल ते १२५ ला विकतात. उलट पुस्तकात ढोबळ नफ्याचे प्रमाण बहुधा विक्रीवर काढलेले असते. तोच २५ रुपये नफा १२५ च्या विक्रीवर पाहिला तर तो २० टक्केच भरतो. दोघेही खरेच बोलत असतात.

हे रूपांतर पाठ करण्याची गरज नाही. अपूर्णांकात विचार केला की ते आपोआप सुटते. खरेदीच्या पाव नफा म्हणजे विक्रीच्या पाचवा हिस्सा. खरेदीच्या तिसरा हिस्सा म्हणजे विक्रीच्या पाव. खरेदीच्या निम्मा म्हणजे विक्रीच्या तिसरा हिस्सा. खालचा अंक एकाने वाढतो, इतकेच. कारण विक्री म्हणजे खरेदी अधिक नफा. चार वाटे खरेदी आणि एक वाटा नफा, असे मिळून पाच वाटे विक्रीचे.

यात चूक झाली तर ती केवढी होते ते पाहा. वर्षभराची विक्री २,५०,००० रुपये असून नफा खरेदीवर २५ टक्के आहे. विकलेल्या मालाची खरेदी किंमत २,५०,००० चे पाच वाटे करून त्यांतले चार, म्हणजे २,००,००० रुपये. पण एखाद्याने विक्रीचेच २५ टक्के काढून ६२,५०० वजा केले तर त्याला १,८७,५०० मिळतील. फरक १२,५०० रुपयांचा. आगीत किंवा पुरात माल गेला आणि शिल्लक मालाचा अंदाज विमा कंपनीला द्यावयाचा झाला, तर हाच फरक दाव्यात येतो. दावा १२,५०० रुपयांनी कमी भरला की नुकसान मालकाचे, आणि जास्त भरला की संशय मालकावर.

४. करासहित किंमत

१ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. बिले लिहिणाऱ्या प्रत्येकाला आता करासहित किमतीतून कर वेगळा करावा लागतो. समजा १८ टक्के कराच्या वस्तूची करासहित किंमत १,१८० रुपये आहे. कर किती? १,१८० चे १८ टक्के काढले तर २१२ रुपये ४० पैसे येतात आणि ते चूक आहे. कर मूळ किमतीवर लागलेला आहे, करासहित किमतीवर नव्हे. मूळ किंमत १०० तर करासहित ११८; म्हणून १,१८० × १८ ÷ ११८ = १८० रुपये. मूळ किंमत १,००० रुपये. हे निव्वळ त्रैराशिक झाले. ‘लीलावती’च्या विद्यार्थ्याला ते कोड्यात टाकू शकले नसते.

५. व्याज: दर तोच, मुद्दल कोणते?

आपल्या जुन्या कागदांत व्याजाचा दर ‘द. सा. द. शे.’ असा लिहीत. दर साल दर शेकडा. किती नेमका शब्दप्रयोग आहे हा! यात मुदत आली आणि शंभरही आले. त्यामुळे सावकाराचा ‘महिन्याला शेकडा तीन’ हा दर ऐकावयास लहान वाटला तरी तो दर साल दर शेकडा ३६ आहे, हे लगेच कळते. मात्र या चार अक्षरांत एक गोष्ट येत नाही. व्याज कोणत्या मुद्दलावर आणि ते मुद्दल किती दिवस धरून, हे त्यांतून समजत नाही.

बचत खात्याचे उदाहरण घेऊ. ३१ मार्च २०१० पर्यंत बँका बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी किमान शिल्लक असेल तिच्यावर देत. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर मोजले जाऊ लागले. त्या वेळी दर साडेतीन टक्के होता. एका ३० दिवसांच्या महिन्यात खात्यावर २५ तारखेपर्यंत ५०,००० रुपये होते आणि २६ तारखेस ४०,००० काढले, असे समजू. जुन्या रीतीने संपूर्ण महिन्याचे व्याज केवळ १०,००० वर, म्हणजे २९ रुपये १७ पैसे. नव्या रीतीने ५०,००० वर २५ दिवस आणि १०,००० वर ५ दिवस. रक्कम आणि दिवस यांचे गुणाकार १२,५०,००० आणि ५०,०००, बेरीज १३,००,०००. तिला ३.५ ने गुणून ३६,५०० ने भागले की १२४ रुपये ६६ पैसे येतात. दर एका पैशानेही बदलला नाही; पाया बदलला आणि व्याज चौपटीहून अधिक झाले.

आता कर्जाची बाजू. आमच्या शेजारच्या एका मावशींना शिवणयंत्रासाठी १२,००० रुपये हवे होते. त्यांच्यापुढे दोन पर्याय होते. एका ठिकाणी दर १२ टक्के, बारा हप्ते. दुसऱ्या ठिकाणी दर १५ टक्के, बारा हप्ते. “अरे, बारा सोडून पंधरा कोण घेईल?” असे त्या म्हणाल्या, आणि तसे म्हणणे स्वाभाविकच होते. मी दोन्ही कागद पाहिले. पहिल्या ठिकाणी व्याज मूळ रकमेवर सरसकट वर्षभराचे होते. दुसऱ्या ठिकाणी दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडावयाचे आणि व्याज उरलेल्या रकमेवर.

पहिल्या पर्यायात व्याज १२,००० वर १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये. एकूण १३,४४० चे बारा हप्ते, प्रत्येकी १,१२० रुपयांचे. दुसऱ्यात पहिल्या महिन्यात १२,००० वर व्याज, दुसऱ्यात ११,००० वर, तिसऱ्यात १०,००० वर, असे करीत शेवटच्या महिन्यात १,००० वर. या बारा शिलकांची बेरीज ७८,००० होते. १५ टक्के म्हणजे महिन्याला शेकडा सव्वा. ७८,००० वर सव्वा टक्का म्हणजे ९७५ रुपये. पहिला हप्ता १,१५० रुपयांचा असला तरी तो दर महिन्याला कमी होत जाऊन शेवटचा १,०१२ रुपये ५० पैशांचा होतो. पंधरा टक्क्यांचे कर्ज बारा टक्क्यांच्या कर्जापेक्षा ४६५ रुपयांनी स्वस्त होते! मावशींनी कागदावरची बेरीज स्वतः करून पाहिली आणि मगच पंधरा टक्क्यांचे कर्ज घेतले.

पहिल्या कर्जाचा खरा दर किती? मुद्दल दरमहा सारखे फिटत जाते असे धरले तर कर्जदाराकडे वर्षभर १२,००० नसतात. सरासरी ७८,००० ÷ १२, म्हणजे ६,५०० रुपयेच असतात. ६,५०० वर १,४४० व्याज म्हणजे २२ टक्क्यांहून थोडे अधिक. समान हप्त्यांचा हिशेब बारकाईने केला तर हा दर साडेएकवीसच्या आसपास येतो. बारा टक्के म्हणून सांगितलेला दर जवळजवळ दुप्पट निघतो. येथे कोणी खोटा आकडा लिहिलेला नसतो. फक्त फेडून झालेल्या पैशांवरही व्याज घेणे चालू असते.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या वैयक्तिक कर्जांसाठी आणि लहान व मध्यम उद्योगांच्या मुदतकर्जांसाठी, बँकांनी आणि वित्तसंस्थांनी कर्जदाराला मुख्य बाबींचे एक विवरणपत्र द्यावयाचे आहे. त्यात व्याज आणि इतर खर्च धरून वर्षाचा एकूण दर नमूद करावा लागतो. घरातील कोणीही कर्ज घेत असेल तर तो कागद मागून घ्यावा आणि तोच आकडा दुसऱ्या कर्जाच्या त्याच आकड्याशी ताडून पाहावा. पण कागद मिळाला तरी तो वाचणारा घरात एक जण असावा लागतो. ते काम आपले आहे.

६. घसारा: तोच प्रश्न

जमाखर्चाच्या तासाला घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवितात आणि आपण त्या दोन निराळी प्रकरणे म्हणून पाठ करतो. खरे पाहता भेद एकाच ठिकाणी आहे. १०,००० रुपयांच्या यंत्रावर १० टक्के घसारा, पण कशावर? मूळ किमतीवर धरला तर दरवर्षी १,००० रुपये, आणि दहा वर्षांत यंत्राची पुस्तकी किंमत शून्य. घटत्या शिलकेवर धरला तर पहिल्या वर्षाअखेर ९,०००, दुसऱ्या वर्षाअखेर ८,१००, मग ७,२९०, मग ६,५६१, आणि पाचव्या वर्षाअखेर ५,९०४ रुपये ९० पैसे. पहिल्या पद्धतीने याच वेळी ५,००० उरले असते. दुसऱ्या पद्धतीत किंमत कितीही वर्षांनी शून्य होत नाही. कारण दर वेळी उरलेल्याचा दहावा हिस्सा जातो, नऊ हिस्से राहतातच.

आधीच्या कर्जाशी याची तुलना करून पाहा. मूळ रकमेवरील सरसकट व्याज आणि मूळ किमतीवरील घसारा एका कुळातले. उरलेल्या रकमेवरील व्याज आणि घटत्या शिलकेवरील घसारा दुसऱ्या कुळातले. एकदा हे नाते ध्यानात आले की पाठांतराचे ओझे अर्ध्याने उतरते.

७. ताळा

‘ताळेबंद’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातला ‘ताळा’ विसरतो. ताळा म्हणजे उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळून पाहणे. पडताळा हा शब्दही त्याच घरचा. ताळा न घेता मांडलेला हिशेब कितीही सुंदर अक्षरात असला तरी तो कच्चाच.

तेरीज जुळली नाही की विद्यार्थी पहिल्या नोंदीपासून पुन्हा बेरजा करू लागतात. त्याआधी फरकाच्या आकड्याकडे नीट पाहावे. तो पुष्कळदा चुकीचा पत्ता सांगतो.

फरक १, १० किंवा १०० असेल तर बेरजेत हातचा राहिला किंवा जास्त धरला गेला असण्याचा संभव असतो. फरक सम असेल तर त्याचे निम्मे करून ती रक्कम वह्यांत शोधावी. ३२० रुपयांची जमेची रक्कम चुकून नावे पडली तर फरक ६४० चा येतो. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी. ५,७२४ च्या जागी ५,२७४ लिहिले गेले तर फरक ४५०; ४५० ÷ ९ = ५०.

नऊच का, हेही समजून घेऊ. ७२ म्हणजे ७ दहा आणि २ एक. उलटून २७ लिहिले तर २ दहा आणि ७ एक. ७ चे स्थान बदलल्याने प्रत्येक सातामागे १० चा १ झाला, म्हणजे ९ गेले. २ चे स्थान बदलल्याने प्रत्येक दोनामागे १ चे १० झाले, म्हणजे ९ आले. सात नवे गेले, दोन नवे आले, पाच नवे कमी पडले. ७२ वजा २७ बरोबर ४५. शून्य सुटून ४५० च्या जागी ४५ पडले तरी फरक ४०५, आणि तोही नऊच्या पाढ्यातलाच. मात्र नवाने भाग गेला म्हणजे अदलाबदल झालीच असे सिद्ध होत नाही. कोणत्याही नऊ लागोपाठच्या संख्यांत एकीला नवाने भाग जातोच. हा नियम कोठे शोधावे ते सांगतो, निकाल देत नाही.

कोणी म्हणेल, आता खतावणी संगणकावर होते, तेथे दोन्ही बाजू एकदमच पडतात, मग तेरीज न जुळण्याचा प्रश्नच कोठे? आक्षेप योग्य आहे, पण अपुरा. संगणकात ५,७२४ चे ५,२७४ झाले तर ते दोन्ही बाजूंना चुकते आणि तेरीज बिनदिक्कत जुळते. म्हणजे चूक नाहीशी होत नाही, लपते. ती बाहेर येते बँक जुळवणी पत्रक करताना, आणि तेव्हा हाच नऊचा नियम उपयोगी पडतो. जुळलेली तेरीज बेरजांची ग्वाही देते, नोंदी खऱ्या असल्याची नव्हे, हे परीक्षेच्या उत्तरात आपण लिहितोच; ते वहीपुढे बसल्यावरही आठवावे.

८. अंदाज आणि तोंडी हिशेब

ताळा उत्तरानंतर घ्यावयाचा, तर अंदाज उत्तराआधी करावयाचा. ४,९५० वर १८ टक्के कर किती? १८ म्हणजे पाचव्या हिश्शाला थोडे कमी. म्हणजे उत्तर ९९० च्या थोडे आत असले पाहिजे. यंत्राने ८९१ दाखविले तर ठीक. ८,९१० दाखविले तर बोट कोठेतरी घसरले आहे. ज्याने अंदाज केला नाही तो ८,९१० ही आनंदाने उतरून घेतो.

आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला आणि पुढे हे पाढेही मागे पडले. पण ते आण्यांपुरतेच होते असे समजणे चूक आहे. पावकी म्हणजे २५ टक्के, पाऊणकी म्हणजे ७५ टक्के. अठरा दीड सत्तावीस हे ज्याला ठाऊक आहे त्याला १८० चे १५ टक्के २७ हे कागदाविना येते. बारा औटे बेचाळीस ठाऊक असेल तर १,२०० वर साडेतीन टक्के ४२ रुपये. चोवीस सवा तीस, म्हणून १२५ रुपयांच्या २४ नगांचे ३,००० रुपये. सर्व पाढे परत आणा असे मी म्हणत नाही. सवायकी आणि दिडकी तीसपर्यंत आली तरी पुष्कळ काम होते.

९. सरावासाठी

खालील पाच उदाहरणे वाचकांनी आधी अंदाजाने आणि मग कागदावर सोडवावीत.

(१) छापील किंमत ८०० रुपये, व्यापारी सूट २५ टक्के, नंतर रोख सूट ५ टक्के. किती रुपये द्यावे लागतील?
(२) विक्री ३,६०,००० रुपये, नफा विक्रीवर २५ टक्के. विकलेल्या मालाची खरेदी किंमत किती आणि नफा खरेदीवर किती टक्के?
(३) एकाने ४०,००० रुपये संपूर्ण वर्षभर गुंतविले. दुसरा ६०,००० रुपये घेऊन चार महिन्यांनी भागीदार झाला. भांडवल आणि मुदत यांच्या प्रमाणात नफा कसा वाटावा?
(४) २४,००० रुपये कर्ज, २४ हप्ते, मूळ रकमेवर सरसकट द. सा. द. शे. १० व्याज. मुद्दल दरमहा १,००० फिटते असे धरून खरा दर काढा.
(५) तेरजेत २७० चा फरक आहे. काय काय तपासाल?

उत्तरे: (१) ५७० रुपये, एकूण सूट पावणेएकोणतीस टक्के. (२) २,७०,००० रुपये. ३३ पूर्णांक १/३ टक्के. (३) ४०,००० × १२ आणि ६०,००० × ८ हे दोन्ही गुणाकार ४,८०,००० असल्याने निम्मा-निम्मा. (४) व्याज ४,८०० रुपये, मासिक शिलकांची बेरीज ३,००,०००, दरमहा १.६, म्हणजे वर्षाला १९.२ टक्के. (५) १३५ ची रक्कम उलट बाजूला पडली आहे काय; दशक व शतक स्थानांवरील ज्या दोन अंकांत ३ चा फरक आहे असे अंक उलटले आहेत काय; ३०० च्या जागी ३० लिहिले आहेत काय.

शेवटी गुरुजनांना एक विनंती आणि मित्रांना एक सूचना. विनंती अशी की, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एक तास अशा व्यावहारिक अंकगणितासाठी मिळावा, आणि त्या तासाला कला आणि वाणिज्य असा भेद नसावा. त्यासाठी वेगळ्या पुस्तकाची गरज नाही. कर्जाचे कागद, विजेची बिले, बँकेची पासबुके आणि दुकानांच्या जाहिराती हेच पुस्तक. सूचना अशी की, यापुढे कोणीही आपल्याला ‘इतके टक्के’ असे सांगितले, मग तो दुकानदार असो, बँक असो, वृत्तपत्र असो की निवडणुकीचा उमेदवार असो, तर आकडा लहान की मोठा हे पाहण्याआधी त्याला नम्रपणे विचारावे: शेकडा, पण कशावर? याचे सरळ उत्तर मिळाले तर पुढचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही येईल. उत्तर मिळाले नाही, तर सही करण्याची घाई करू नये.